पॅलेडियम, बोंडअळी अन् तुमसरचं मँगनीज: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण धातूंच्या मदतीनं होणाऱ्या सेंद्रिय रिॲक्शनवर लिहिलं होतं. कार्बनला कार्बन जोडून औषधांचे मोठमोठे किचकट रेणू कसे बनवतात, त्यासाठी पॅलेडियम, निकेल, रोडियम असे धातू चिमूटभर कॅटॅलिस्ट म्हणून (म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शन घडवून आणणारा पदार्थ) कसे वापरतात अन् अशा नवीन रिॲक्शन कशा शोधल्या जातात, असा तो विषय होता. वाटलं होतं कॉलेजची पोरंच पत्रं पाठवतील, पण शेतकऱ्यांची आली, खाणपट्ट्यातून आली, एका आजीचंही आलं, मनापासून आनंद झाला. प्रश्न ज्या बोलीत आले तसेच ठेवलेत.

प्रश्न: सर, पोरगं बारावीत हाय, त्यानं तुमचा लेख वाचून दाखोला. पन मले एक सांगा, हे पॅलेडियम आमच्या काय कामाचं? माह्या वावरात सोयाबीन अन् पराटी, त्याले याचा काय संबंध?
(शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: दादा, संबंध थेट तुमच्या वावरातच आहे, दोन्ही पिकांत आहे.

आधी सोयाबीन घ्या. पेरणी झाल्यावर, तण उगवायच्या आधी जी तणनाशकं मारतात त्यात मेटोलाक्लोर नावाचं एक आहे. हे १९७० च्या दशकात बाजारात आलं तेव्हा त्यात एकाच रेणूची चार रूपं मिसळलेली असायची. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही तसंच या रूपांचं असतं, अणू तेच, जोडणी तीच, पण ठेवण उलटी. पुढं १९८० च्या दशकात कळलं की चारपैकी दोनच रूपं तणावर काम करतात, जवळपास ९५ टक्के काम त्या दोघांचंच. म्हणजे उरलेलं अर्धं औषध शेतकरी विकत घेत होता, पाठीवर पंप घेऊन मारत होता, मातीत अन् विहिरीत जिरवत होता, अन् फायदा जवळजवळ काहीच नाही.

मग कामाचीच रूपं बनवायची कशी? त्यासाठी स्वित्झर्लंडच्या कंपनीतल्या केमिस्ट लोकांनी वर्षानुवर्षं धातू बदलले, धातूला धरून ठेवणारे रेणू बदलले (त्यांना लिगँड म्हणतात, पुढं त्यांच्यावर बोलूच), अन् शेवटी इरिडियम नावाचा धातू अन् लोखंड असलेला एक खास लिगँड ही जोडी जमली. त्यात आयोडाइड अन् थोडं ॲसिड घातलं तर रिॲक्शनचा वेग एकदम वाढला. १९९६ पासून हे कारखान्यात सुरू झालं, वर्षाला १०,००० टनांच्या वर माल निघतो, अन् इरिडियमचा एक अणू दहा लाखांच्या आसपास रेणू बनवून देतो, म्हणूनच इतका महाग धातू परवडतो. आज एस-मेटोलाक्लोर म्हणून जे मिळतं ते हेच, आणि त्याचा डोस जुन्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त कमी झाला. जी गोष्ट मातीत टाकायची गरजच नव्हती ती टाकणं बंद झालं, माझ्या मते नवीन रिॲक्शन शोधण्याचा याच्याहून मोठा उपयोग दाखवणं कठीण आहे. पण दादा, डोस कमी म्हणजे औषध निरुपद्रवी असं अजिबात नाही. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली हे आपण कोणीच विसरलो नाही, तेव्हा मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा, यात कसूर करू नका.

आता पराटी, म्हणजे कापूस. गुलाबी बोंडअळीसाठी तुम्ही कामगंध सापळे लावता ना, त्यात जो छोटा रबरी ल्युअर असतो त्यात गॉसिप्ल्यूर असतं. मादी पतंग नराला बोलवायला जो गंध सोडते तोच हा, १९७३ साली त्याची ओळख पटली. सोळा कार्बनची साखळी, त्यात सातव्या अन् अकराव्या जागी दुहेरी बंध. सातव्या जागेचा बंध एकाच बाजूला वाकलेला पाहिजे, अकराव्याचा मात्र अर्ध्या रेणूंत वाकलेला अन् अर्ध्यांत सरळ. हे प्रमाण बिघडलं तर नर सापळ्याकडे नीट येतच नाही, पतंगाचं नाक इतकं काटेकोर.

असा वाकलेला बंध बनवायची जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे लिंडलरचा कॅटॅलिस्ट, १९५२ चा. खडूच्या भुकटीवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवर, पॅलेडियम बसवतात अन् मग शिसं घालून त्याला मुद्दाम अर्धवट निकामी करतात. कारण नुसतं पॅलेडियम हायड्रोजन जोडत सुटतं, थांबतच नाही, दुहेरी बंधही खाऊन टाकतं. शिशानं त्याचा जोर कमी केला की तिहेरी बंधाचा दुहेरी होतो अन् काम तिथंच थांबतं, शिवाय दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूनं जोडले जातात म्हणून बंध वाकलेलाच निघतो. आता याच कामासाठी मॉलिब्डेनम, टंगस्टन अन् रुथेनियमचे नवीन कॅटॅलिस्ट निघालेत, ते दोन रेणूंचे दुहेरी बंध तोडून आपसांत अदलाबदल करून जोडतात. या अदलाबदलीच्या रिॲक्शनला मेटाथेसिस म्हणतात अन् तिला २००५ चं नोबेल मिळालं, शोव्हँ, ग्रब्स आणि श्रॉक या तिघांना. यातून टप्पे कमी होतात, अन् टप्पे कमी झाले की गंधाची किंमत उतरते. हेक्टरी ५ सापळे नुसती नजर ठेवायला पुरतात, पण सगळं वावर गंधानं भरून नराला मादीच सापडू द्यायची नाही म्हटलं तर हा माल स्वस्तच पाहिजे, तिथं या संशोधनाची खरी गरज आहे. तोवर सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ च्या वर पतंग दिसले तर कृषी सहायकाशी बोला, ल्युअर वेळेवर बदला.

प्रश्न: सर मी बीएस्सी फायनलला आहे. पुस्तकात सुझुकी कपलिंग, हेक रिॲक्शन असं नुसतं पाठ करतो आम्ही. पण नवीन रिॲक्शन "डेव्हलप" करतात म्हणजे लॅबमध्ये बसून नक्की काय करतात, ते कोणी सांगतच नाही.
(विद्यार्थिनी, वरूड, जि. अमरावती)

उत्तर: ताई, आधी यंत्रणा समजून घे, मग पाठांतराची गरजच राहणार नाही. सुझुकी कपलिंगमध्ये, म्हणजे दोन रेणूंचे कार्बन एकमेकांना जोडायच्या रिॲक्शनमध्ये, पॅलेडियम आधी कार्बन-ब्रोमीनच्या बंधात घुसतं, एक कार्बन त्याच्याकडं आला. मग बेसच्या मदतीनं बोरॉन आपला कार्बन पॅलेडियमला देऊन टाकतो, आता दोन्ही कार्बन एकाच धातूवर शेजारी-शेजारी आले. मग ते दोघं एकमेकांना जुळतात अन् पॅलेडियम मोकळं होऊन पुन्हा पहिल्या कामाला लागतं. घुसणं, हस्तांतर, जुळून सुटणं, बस एवढंच. कपलिंगच्या बहुतेक रिॲक्शन याच तीन पावलांच्या आसपास फिरतात.

नवीन रिॲक्शन शोधणारा माणूस आधी ठरवतो की कोणता बंध आजवर सरळ जोडता येत नाही, किंवा जोडता येतो पण पाच टप्पे लागतात. मग एका छोट्या काचेच्या व्हायलमध्ये दोन्ही कच्चे पदार्थ, धातूचा क्षार, लिगँड, बेस, सॉल्व्हंट अन् एक मॅग्नेटिक बार, वर रबरी सेप्टम, आतली हवा काढून नायट्रोजन किंवा आरगॉन भरायचा कारण बऱ्याच धातूंना ऑक्सिजन चालत नाही, अन् ते ऑइल बाथमध्ये ठेवून द्यायचं. काही तासांनी केशनळीनं एक थेंब काढायचा, टीएलसीच्या प्लेटवर (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी प्लेट) लावायचा, प्लेट सॉल्व्हंटमध्ये उभी करायची अन् मग २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरायची. हिरव्या उजेडात कच्च्या मालाचे काळे ठिपके जिथले तिथंच दिसतात, बहुतेक वेळा एवढंच दिसतं. पण कधीतरी त्या दोघांच्या मधे तिसरा, अगदी फिकट ठिपका दिसतो जो आधी नव्हता, अन् त्या फिकट ठिपक्यासाठी लोक पीएचडीची वर्षं घालवतात. तो ठिपका म्हणजे समजा ५ टक्के यील्ड, शंभरात पाचच भाग माल हाती आला. तिथून पुढं खरी मेहनत, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिगँड बदल, बेस बदल, तापमान वाढव, पाण्याचा थेंब टाकून बघ. मोठ्या कंपन्यांकडं आता यासाठी ९६ खड्ड्यांच्या प्लेटा अन् रोबोट आहेत, पण डोकं तेच लागतं.

यात लिगँडचं महत्त्व पोरांना पुस्तकातून कळत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. धातू तोच ठेवून नुसता त्याला चिकटलेला फॉस्फीन, म्हणजे फॉस्फरसवाला लिगँड, बदलला तरी न होणारी रिॲक्शन होते. फॉस्फीन धातूला इलेक्ट्रॉन देणारा असला तर धातू कार्बन-क्लोरीनच्या चिवट बंधातही घुसतो, फॉस्फीन अंगानं जाडजूड असला तर धातूवरचे दोन गट गर्दीमुळं लवकर जुळून सुटतात. बकवाल्ड आणि हार्टविग यांनी १९९० च्या दशकात कार्बन-नायट्रोजन बंध जोडायची पद्धत उभी केली तिचा जीव याच लिगँडमध्ये आहे, अन् आज औषधांच्या लॅबमध्ये ती रोजच्या वापरातली आहे.

यील्ड वाढली की मग निरनिराळे रेणू घेऊन तीच रिॲक्शन करून बघायची, कुठं चालते, कुठं अडते. जिथं अडते तेही पेपरमध्ये द्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण पुढच्या माणसाचा वेळ त्यानंच वाचतो.

प्रश्न: कॉपर स्वस्त, मुबलक. मग सगळी गाडी पॅलेडियमवरच कशी आली? वर्गात पोरं विचारतात, समाधानकारक उत्तर देता येत नाही.
(कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक, चिखली, जि. बुलडाणा)

उत्तर: सर, कॉपरच आधी होतं. उलमानची कॉपरवाली रिॲक्शन १९०१ ची, पण तिला २०० अंशांच्या आसपास किंवा वर तापवावं लागायचं अन् कॉपरही भरपूर लागायचं, नाजूक रेणू त्या तापमानात टिकतच नाहीत. पॅलेडियमनं तेच काम कमी तापमानात, कमी धातूत करून दाखवलं. रिचर्ड हेक यांनी १९६८ साली एकट्याच्या नावावर सलग सात पेपर छापले, नेगिशींची जस्तवाली पद्धत १९७७ ची, सुझुकी आणि मियाउरा यांची बोरॉनवाली १९७९ ची, अन् हेक, नेगिशी, सुझुकी यांना २०१० चं नोबेल. सुझुकींनी आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही, हे पोरांना जरूर सांगा. ती जगभर पसरायचं तेही एक कारण आहे, अन् तिच्यात लागणारी बोरॉनची संयुगं हवेत-पाण्यात टिकतात, फारशी विषारी नसतात हे दुसरं. आपल्याकडं घरोघरी बीपीसाठी लोसार्टन घेतात, त्यात दोन बेंझिन कड्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, तो जोड मारायला कारखान्याच्या पद्धतीत सुझुकी कपलिंग वापरली गेली. हे उदाहरण दिलं की पोरं लगेच कान देतात कारण घरी आजोबांच्या डब्यात ती गोळी असते.

अन् कॉपर संपलं नाही बरं का, नवीन लिगँड घेऊन ते परत आलंय, आता पूर्वीसारखं तापवावंही लागत नाही.

प्रश्न: बाबू, तू लिवलं का गोयीत धातू वापरतेत. मी रोज बीपीची गोयी खातो, दहा वर्सं झाले. पोटात धातू साचत तं नाही ना?
(एक आजी, सिंदेवाही, जि. चंद्रपूर, नातवानं लिहून पाठवलेलं)

उत्तर: आजी, काळजी करू नका अन् गोळी मुळीच बंद करू नका. धातू गोळीत टाकत नाहीत, गोळीतलं औषध बनवताना वापरतात अन् मग काढून टाकतात, कोळशाच्या भुकटीवर किंवा धातूला पकडून ठेवणाऱ्या खास पदार्थांवर. शेवटी यंत्रावर मोजतात. औषधांसाठी जगभर जे नियम मानतात त्यात तोंडानं घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर पॅलेडियम जाऊ नये अशी हद्द आहे. एका ग्रॅमचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग, एवढी ती हद्द. गोळी वेळेवर घ्या, मीठ कमी खा, लोणचं-पापड जरा हात राखून.

प्रश्न: सर, मी एमएस्सीचा प्रोजेक्ट करतोय. एका कपलिंगमध्ये कंट्रोल म्हणून मेटल न टाकता फ्लास्क लावला तर त्यातही प्रॉडक्ट आलं! गाइड म्हणतात मेटल-फ्री म्हणून पेपर होईल. मी काय करू?
(विद्यार्थी, अमरावती विभाग)

उत्तर: थांब. पेपर लिहायच्या आधी दम धर, कारण तुझ्या आधी लई मोठी माणसं इथूनच गेली आहेत अन् त्यांची गोष्ट तुला माहीत असायलाच पाहिजे.

२००३ साली निकोलस लेडबीटर यांच्या ग्रुपनं छापलं की सुझुकी कपलिंग धातूशिवाय होते, नुसतं सोडियम कार्बोनेट, पाणी अन् मायक्रोवेव्ह. सगळीकडं चर्चा झाली. पण त्यांनी शोध थांबवला नाही, अन् २००५ साली स्वतःच सांगितलं की बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबीच्या आसपास पॅलेडियम होतं, म्हणजे अब्जात पन्नास भाग, अन् काम त्याचंच होतं. बेसच्या डब्यातून धातू येऊ शकतो ही गोष्ट तेव्हापासून सगळ्यांनी मनावर घेतली. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. २००९ साली बकवाल्ड आणि बोल्म यांनी लोखंडाच्या नावावर जमा झालेल्या काही रिॲक्शनबद्दल असंच दाखवलं, लोखंडाच्या क्षारात कॉपरचा अंश होता अन् काम कॉपर करत होतं.

याची दुसरी बाजूही बघ, ती मला जास्त आवडते. १९७७ साली जपानमध्ये नोझाकी आणि हियामा यांनी क्रोमियमची एक रिॲक्शन दिली, ॲल्डिहाइडला कार्बन जोडायची. झकास रिॲक्शन, पण एका डब्यातल्या क्रोमियम क्लोराइडनं चालायची अन् दुसऱ्या डब्यातल्यानं नाही. किशी यांचा ग्रुप हार्वर्डला एका भल्यामोठ्या रेणूवर काम करत होता, त्यांनाही हाच त्रास. १९८६ साली दोन्ही ग्रुपनी वेगवेगळं शोधलं की चालणाऱ्या डब्यात निकेलचा अंश होता. मग त्यांनी काय केलं, निकेलला मळ म्हणून हाकललं नाही, मोजून-मापून टाकायला लागले! रिॲक्शन भरवशाची झाली अन् पुढं तिला किशींचंही नाव लागलं.

त्याचं फळ बघ. जपानच्या किनाऱ्यावरच्या समुद्री स्पंजमध्ये हॅलिकॉन्ड्रिन बी नावाचा कॅन्सरवर काम करणारा रेणू सापडला, पण ६०० किलो स्पंजमधून मिळाला फक्त साडेबारा मिलिग्रॅम. इतक्यात औषध कुठून होणार? किशींनी १९९२ साली तो रेणू लॅबमध्ये बनवला, क्रोमियम-निकेलची ती रिॲक्शन वापरून, अन् त्यातला कामाचा अर्धा भाग धरून एरिब्युलिन हे औषध तयार झालं. रेणूत १९ ठिकाणी डावं-उजवं बरोबर जमवावं लागतं, साठाच्या वर टप्पे आहेत, तरी ते कारखान्यात बनतं अन् २०१० पासून स्तनाच्या कॅन्सरच्या बायांना मिळतं. एका डब्यातला निकेलचा अंश शोधून काढला नसता तर हा रस्ता फार अवघड झाला असता.

असंच १९५३ साली जर्मनीत त्सिग्लर यांच्या लॅबमध्ये झालं. स्टीलच्या भांड्यात राहिलेल्या निकेलच्या अंशानं इथिलीनची रिॲक्शन भलतीकडंच गेली, का गेली ते शोधताना त्यांनी एकेक धातू लावून पाहिला अन् त्यातून टायटॅनियमवाले कॅटॅलिस्ट निघाले. तुमच्याकडं संत्र्याच्या बागेत ठिबकच्या ज्या पॉलिथिनच्या नळ्या टाकतात, ते पॉलिथिन बनवायला त्याच घराण्यातले कॅटॅलिस्ट लागतात.

तेव्हा तू काय करायचं ते सांगतो. पहिले मॅग्नेटिक बार नवा घे, जुन्या बारच्या पांढऱ्या टेफ्लॉनवर काळपट डाग दिसत असतील तर तो धातूच असू शकतो, ब्रशनं घासून तो जात नाही. फ्लास्क ॲक्वा रेजियानं (हायड्रोक्लोरिक अन् नायट्रिक ॲसिडचं तीव्र मिश्रण) धू, फ्यूम हुडमध्ये अन् गाइडला सांगूनच, अन् ते बंद बाटलीत भरून ठेवू नको, फुटते. बेस दुसऱ्या कंपनीचा, जास्त शुद्धतेचा आण, जमलं तर दोन वेगवेगळ्या डब्यांतला. कच्चा माल स्वतः बनवला असशील तर तो बनवताना पॅलेडियम वापरलं होतं का ते आठव, बोरॉनिक ॲसिडच्या बाबतीत हे बऱ्याचदा निघतं. मग रिॲक्शनचं मिश्रण आयसीपी-एमएसला, म्हणजे धातूचा बारीक अंशही मोजणाऱ्या यंत्राला, पाठव, विद्यापीठाच्या इन्स्ट्रुमेंटेशन सेंटरमध्ये सोय नसेल तर बाहेर पैसे भरून करून मिळतं. मुद्दाम थोडं पॅलेडियम टाकून वेग वाढतो का तेही बघ, वाढला तर संशय पक्का. एवढं करूनही धातू सापडला नाही अन् प्रॉडक्ट येतच राहिलं, तर खुशाल लिही, तेव्हा कोणी बोट ठेवू शकणार नाही. अन् गाइडला हे सगळं नम्रपणे, पण दाखवून सांग. गाइडचंही नाव त्या पेपरवर जाणार आहे.

प्रश्न: आमच्या जंगलात खाजकुयरी लय हाय, त्याच्या बियात कंपवाताचं औषध असते म्हन्तेत. मग कंपन्या ते धातू वापरून काऊन बनोतेत?
(वाचक, कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर: बरोबर ऐकलंय तुम्ही, खाजकुयलीच्या बियांमध्ये एल-डोपा असतं अन् पार्किन्सनवर तेच देतात. पण बीमध्ये ते किती असेल हे झाडागणिक, जमिनीगणिक बदलतं, अन् या औषधाचा डोस फार काटेकोर लागतो, म्हणून बिया कुटून घरी देऊ नका. अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी १९७० च्या दशकात रोडियम अन् एक खास फॉस्फीन वापरून फक्त कामाचंच रूप बनवायची पद्धत कारखान्यात आणली, कारखान्यातली ही त्या प्रकारची पहिली पद्धत, त्यासाठी २००१ चं नोबेल नोयोरी आणि शार्पलेस यांच्यासोबत त्यांना मिळालं. दर वेळी धातूच जिंकतो असंही नाही. शुगरच्या सिटाग्लिप्टिनसाठी आधी रोडियम वापरायचे, पुढं त्याच्या जागी सुधारलेलं एन्झाइम आणलं, ते जास्त सोयीचं पडलं. ज्याचं काम चांगलं तो ठेवायचा.

प्रश्न: सर, माझे वडील चिखल्याच्या खाणीत होते. आपल्याकडं मँगनीज आहे, सुरजागडला लोखंड आहे. पॅलेडियमऐवजी आपलंच मँगनीज वापरता येणार नाही का? म्हणजे इथल्या पोरांनाही काम मिळेल.
(वाचक, तुमसर, जि. भंडारा)

उत्तर: प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण जगातले कितीतरी ग्रुप आज हाच प्रश्न घेऊन बसलेत. पृथ्वीच्या कवचात संक्रमण धातूंपैकी लोखंड अन् टायटॅनियमनंतर मँगनीजचाच नंबर लागतो, पॅलेडियम मात्र अब्ज भागांत मोजावं लागतं. पॅलेडियम मुख्यतः रशिया अन् दक्षिण आफ्रिकेतून येतं, त्यातलं बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरला जातं, म्हणून भाव वर-खाली होत राहतो.

मँगनीज काम करतं का? हो, करतं. १९९० च्या सुमारास एरिक जेकबसन यांनी मँगनीजचा कॅटॅलिस्ट आणला जो दुहेरी बंधावर एकाच बाजूनं ऑक्सिजन बसवतो, एचआयव्हीच्या इंडिनाव्हिर औषधाचा एक भाग बनवायला तो वापरला गेला. त्याहून पुढचं काम म्हणजे कार्बन-हायड्रोजन बंधालाच हात घालणं. सेंद्रिय रेणूत असे बंध ढिगानं असतात अन् सगळे जवळपास सारखेच मजबूत, त्यातला नेमका एकच उघडायचा हे अवघड. क्रिस्टिना व्हाइट यांच्या ग्रुपनं २००७ साली लोखंडाच्या कॅटॅलिस्टनं ते करून दाखवलं, त्यांनी घेतलेल्या रेणूंत आर्टेमिसिनिन होतं. गडचिरोलीत मलेरियाला ज्या गोळ्या देतात त्या याच घराण्यातल्या. त्या रेणूत एक नाजूक पेरॉक्साइड पूल आहे, तो न तोडता त्यांनी नेमक्या एका कार्बनवर ऑक्सिजन बसवला. २०१८ मध्ये त्याच ग्रुपनं मँगनीजनं कार्बन-हायड्रोजनच्या जागी नायट्रोजन जोडून दाखवला. आपल्याकडं आयआयटी मुंबईत देबब्रत मैती यांचा ग्रुप बेंझिन कडीवरच्या लांबच्या जागेचा कार्बन-हायड्रोजन बंध निवडून उघडण्यावर काम करतो, २०२२ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला.

पण खोटी आशा लावणार नाही. कॅटॅलिस्ट लागतो ग्रॅम-किलोत, खाणीतून निघतं टनांनी, अन् त्यातलं बहुतेक पोलादाला जातं, डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं काही बॅटरीला. त्यामुळं कॅटॅलिस्टमुळं खाण चालेल असं होणार नाही. शिवाय धातू स्वस्त असला तरी त्याला लागणारा लिगँड महाग पडू शकतो, अन् लोखंड-मँगनीज पॅलेडियमसारखे दोन-दोन इलेक्ट्रॉनच्या शिस्तीत चालत नाहीत, बऱ्याचदा एकेक इलेक्ट्रॉननं चालतात, रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेले चंचल रेणू) होतात, सांभाळणं कठीण जातं. इथल्या पोरांना काम मिळेल ते ही शिस्त शिकण्यातून, शुद्ध क्षार बनवण्यातून, औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यांतून. खनिजापासून ९९.९९ टक्के शुद्ध मँगनीज क्षार बनवणं हेसुद्धा मोठं कसबाचं काम आहे, अन् वरच्या अमरावतीच्या पोराचं उत्तर वाचलं असेल तर शुद्धतेला एवढी किंमत का ते कळेलच.

प्रश्न: मला यातच पुढं जायचंय. गावात नेट धड चालत नाही, कॉलेजमध्ये यूव्ही दिवा पण बंद पडलाय. काय करू शकते मी आत्ता?
(विद्यार्थिनी, मोताळा, जि. बुलडाणा)

उत्तर: ताई, बरंच करू शकतेस. आयआयटी-जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला दुसऱ्या वर्षापासूनच लाग, त्यातून आयआयटीत किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीत एमएस्सी मिळू शकते, पुढं नेटची परीक्षा काढली की पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पीएचडीचा रस्ता उघडतो. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दर वर्षी उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना मोठ्या लॅबमध्ये नेतात, राहायचा-जायचा खर्च देतात, त्याचा अर्ज चुकवू नको, आपल्या भागातल्या पोरींना हे कोणी सांगतच नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

यूव्ही दिवा नसेल तर झाकणाच्या काचेच्या बरणीत आयोडीनचे चार खडे टाक अन् टीएलसीची प्लेट त्यात उभी कर, बहुतेक ठिपके पिवळसर-तपकिरी दिसतात, दिसले की लगेच पेन्सिलनं गोल कर कारण ते उडून जातात. बरणी हवेशीर जागी ठेव, वाफ हुंगू नको. अन् वहीत रोज एक कॅटॅलिटिक सायकल काढून प्रत्येक पावलाला धातूवर किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजत जा, पॅलेडियमपासून सुरुवात कर, मग निकेल, मग लोखंड. कुठं अडलीस तर काढलेल्या पानाचा फोटो पत्रासोबत पाठव, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.